उंदराचे विष : घाईचा आणि सबुरीचा इतिहास

रात्री निजानीज झाली, दिवे मालवले, की माळ्यावर खुडबुड सुरू होते. कुठे डब्याचे झाकण हलते, कुठे कागद कुरतडल्याचा आवाज येतो. सकाळी उठून पाहावे तो टोपलीतल्या बटाट्यांवर दातांच्या खुणा, ठेवणीतल्या शालूच्या पदराला भोक, आणि देवापुढच्या निरांजनातली तुपाची वात नाहीशी झालेली! मग घरातले कर्ते माणूस तडक वाण्याच्या दुकानी जाते आणि म्हणते, "उंदराचे एखादे जालीम औषध द्या हो. उद्याच्या उद्या निकाल लागला पाहिजे."

या मागणीतले तीन शब्द मोठे विचार करण्याजोगे आहेत. पहिला शब्द 'औषध'. विषाला औषध म्हणण्याची आपल्या भाषेची जुनी रीत आहे. पण नाव सौम्य असल्याने वस्तू सौम्य होत नाही. दुसरा शब्द 'जालीम', आणि तिसरा 'उद्याच्या उद्या'. उंदराला मारण्यासाठी माणसाने आजवर जी जी विषे वापरली, त्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, या शेवटच्या दोन शब्दांनी उंदरांपेक्षा माणसाचेच नुकसान अधिक केले. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम ज्याच्याशी गाठ आहे, तो प्राणी कसा आहे हे पाहू. उंदराला निसर्गाने एक मोठे न्यून दिले आहे : त्याला ओकारी काढता येत नाही. कुत्रा, मांजर किंवा माणूस यांच्या पोटात नको ते गेले तर ते उलटून पडण्याचा संभव असतो. उंदराच्या बाबतीत गिळले ते गिळले. हे न्यून त्याने आपल्या संशयी स्वभावाने भरून काढले आहे. रोजच्या वाटेवर एखादी नवी वस्तू दिसली तर तो ती टाळून जातो. नवा खाद्यपदार्थ आढळला तर आधी किंचित चाखतो आणि थांबतो. चाखल्यावर थोड्याच वेळात पोटात दुखू लागले, तर त्या चवीला तो पुन्हा तोंड लावीत नाही. यावरून एक गोष्ट सहज लक्षात येईल : विष जितके तडकाफडकी काम करणारे, तितके ते उंदराला लवकर ओळखू येते. पुरेसे खाल्ले तो मरतो. पण अर्धेमुर्धे चाखून वाचलेला पुढे ते आमिष कायमचे वर्ज्य करतो. एवढी साधी गोष्ट माणसाच्या ध्यानात यावयास मात्र फार वर्षे लागली.

जुन्या काळचे विष म्हणजे सोमल. कुचल्याच्या, म्हणजे काजऱ्याच्या बियाही याच कामी वापरीत. परंतु जगभर चालला तो सोमलच. तो स्वस्त, पांढराशुभ्र आणि जवळजवळ बेचव. उंदराच्या दृष्टीने जो गुण, तोच माणसाच्या दृष्टीने अवगुण ठरला. कारण पिठात किंवा साखरेत सोमल मिसळला तर तो डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उंदरांसाठी म्हणून तो कोणालाही दुकानातून मिळे, आणि त्यातून अपघात व घातपात इतके घडले की, १८५१ साली तेथील पार्लमेंटला सोमलाच्या विक्रीवर कायदा करावा लागला. खरेदी करणाऱ्याचे नाव वहीत नोंदवावे आणि किरकोळीने विकावयाच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळावी, असे त्यात ठरले. विषाला रंग द्यावा, म्हणजे ते खाण्याच्या जिनसांत बेमालूम मिसळणार नाही, ही कल्पना तेव्हापासूनची. आजही उंदराच्या विषाच्या वड्या हिरव्या, निळ्या किंवा तांबड्या रंगाच्या असतात, त्याचे कारण हेच.

पण कायदा झाला तरी निष्काळजीपणा थांबत नाही. १८५८ साली ब्रॅडफर्ड शहरात एक मिठाईवाला पेपरमिंटच्या गोळ्या करीत असे. साखर महाग म्हणून तीत एक स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याची त्याची रीत होती. ती आणण्यासाठी त्याने माणूस औषधविक्याकडे पाठविला. औषधविक्या आजारी होता. त्याच्या नवख्या मदतनिसाने कोठीतल्या एका पिंपातून १२ पौंड भुकटी काढून दिली. ते पिंप सोमलाचे होते. त्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली आणि २०० हून अधिक आजारी पडली. त्यांत मुले होतीच. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. विष आणि खाण्याची वस्तू एका छपराखाली, सारख्याच भांड्यांत आणि नीट चिठ्ठीवाचून ठेवली होती, एवढाच काय तो दोष. आपल्याकडे पिठाच्या डब्याशेजारी उंदराच्या विषाची पुडी ठेवणारी घरे आजही आहेत. त्यांनी ब्रॅडफर्डची ही हकीकत अवश्य आठवावी.

इथवर उंदीर हा केवळ धान्याचा चोर होता. १८९६ नंतर त्याच्याविषयीची माणसाची दृष्टी पार पालटली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात आलेली तापाची साथ ही गाठीच्या प्लेगची आहे, असे निदान डॉ. अकासियो व्हिएगश यांनी केले. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफड्याचे. त्यानंतरची काही वर्षे कशी गेली हे आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेल्या हकीकतींतून अनेकांच्या कानांवर आले असेल. घरात उंदीर पडला की घर सोडावयाचे आणि गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहावयाचे, हा धडा लोक अनुभवाने शिकले. शास्त्रज्ञांना कारण उमगण्यापूर्वी लोकांना लक्षण कळले होते. पुढे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात असे प्रयोगाने दाखविले. त्या वेळी ते फारसे कोणी मानले नाही. परंतु १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी ते निर्विवाद ठरले. त्या साथींत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

उंदीर मारणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट या संशोधनातून निघाली. उंदीर मेला आणि त्याचे शरीर थंड पडू लागले, की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवा आश्रय शोधू लागतात. म्हणून प्लेगच्या साथीत आधी पिसवांचा नाश करावा आणि मग उंदरांना हात घालावा, असा नियम पुढे रूढ झाला. साथ नसली तरी मेलेला उंदीर उघड्या हाताने शेपटीला धरून उचलू नये, हा त्यातला घरगुती अर्थ. प्लेग इतिहासजमा झाला असे वाटत असताना १९९४ साली तो बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा प्रकट झाला. शिवाय उंदराच्या मूत्रातून पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप मुंबईने २००५ च्या महापुरानंतर चांगलाच अनुभवला आहे.

प्लेगच्या काळातली एक हकीकत इंदूरकर श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताला बोलावले होते. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसांनी १९१७ च्या दिवाळीत एक आगळी मिरवणूक काढविली. तीत घाणीच्या राक्षसाबरोबर प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि दोन्ही शेवटी जाळण्यात आल्या. खरी युक्ती मात्र निराळीच होती. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत अधिक स्वच्छ आणि दुरुस्त केलेली आढळतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल, असे आधी जाहीर करण्यात आले होते. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी घरे झाडली, रंगविली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर काढल्या. विषाची चिमूटही न वापरता उंदराचे अन्न आणि आसरा शहरातून हलविण्याचा तो उद्योग होता. प्रतिमा एका रात्रीत जळते. घर स्वच्छ करावयास मात्र कित्येक दिवस राबावे लागते. गेडिसांनी दोन्हींची सांगड घातली.

इकडे विषांच्या बाबतीत माणसाची घाई चालूच होती. सोमलाच्या जोडीला पिवळा फॉस्फरस आला. विसाव्या शतकाच्या आरंभी झिंक फॉस्फाइडची करडी-काळी भुकटी आली. ही पोटात जाऊन तेथल्या आम्लाशी मिळाली की विषारी वायू निर्माण होतो. तिला खास असा उतारा नाही. ही सारी विषे शीघ्र काम करणारी. पहिल्या रात्री चारदोन उंदीर मरत, लोक खूष होत, आणि आठवड्याभरात माळ्यावरची खुडबुड पूर्ववत सुरू होई. असे का होते याचा पद्धतशीर शोध दुसऱ्या महायुद्धात लागला. इंग्लंडात धान्याचा दाणा न् दाणा मोलाचा झाला होता. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स एल्टन आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करू लागले. त्यांनी असे दाखविले की, शीघ्र विष वापरावयाचेच असेल तर आधी काही दिवस तेच आमिष विषाशिवाय ठेवावे. उंदराचा संशय फिटला, तो पोटभर खाऊ लागला, म्हणजे मग त्यात विष घालावे. शेतात झिंक फॉस्फाइड वापरताना हीच रीत आजही सांगितली जाते. सबुरीचा हा पहिला धडा.

दुसरा धडा मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, गुरांच्या गोठ्यात. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात गुरे एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापताना झालेल्या साध्या जखमेतून वाहणारे रक्त थांबेना. मेथीच्या कुळातला स्वीट क्लोव्हर नावाचा गोड वासाचा चारा ओला राहून बुरसला आणि तो गुरांनी खाल्ला, की असे होते, हे स्कोफील्ड या पशुवैद्याने ओळखले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. त्याच्या गाडीत मेलेली कालवड होती, बुरसलेला चारा होता आणि दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त होते. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्या रक्ताचा आणि चाऱ्याचा अभ्यास सुरू झाला. दोषी द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागण्यास १९३९ साल उजाडले. त्याच्याच कुळातले एक द्रव्य १९४८ साली उंदराचे विष म्हणून बाजारात आले. त्याचे नाव वॉरफरिन.

रक्त गोठण्यासाठी यकृतात जी द्रव्ये तयार होतात, त्यांना के जीवनसत्त्व लागते. वॉरफरिन त्या जीवनसत्त्वाचे काम अडवून धरते. शरीरातला जुना साठा संपेपर्यंत काहीच जाणवत नाही. मग काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. चार दिवसांपूर्वी खाल्लेल्या दाण्याचा आणि आजच्या अशक्तपणाचा संबंध उंदराला जोडता येत नाही. तो शेवटपर्यंत बिनदिक्कत तेच आमिष खात राहतो. हजारो वर्षे त्याला तारणारा संशय इथे लुळा पडला. हा विलंब माणसाच्याही उपयोगी पडला, कारण चुकून हे विष पोटात गेले तर वैद्याकडे पोहोचण्यास वेळ मिळतो आणि के जीवनसत्त्व हा त्याचा उतारा आहे. १९५१ साली अमेरिकेच्या सैन्यात दाखल झालेल्या एका तरुणाने हे विष घेतले. उपचारांनी तो वाचला आणि पूर्ण बरा झाला. त्या घटनेनंतर डॉक्टरांचे लक्ष या द्रव्याकडे वळले. १९५४ पासून वॉरफरिन हे रक्तात गुठळी होऊ नये म्हणून माणसांना देण्यात येऊ लागले, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. 'उंदराचे औषध' हा आपला जुना शब्दप्रयोग असा एकदा अक्षरशः खरा ठरला!

पुढे १९५८ साली स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर आढळले. तेव्हा त्याच कुळातली अधिक तीव्र विषे निघाली. आपल्या बाजारात मिळणारे ब्रोमॅडिओलोन हे त्यांतलेच. त्याच्या तयार आमिषात शंभर भागांत ०.००५ भाग, म्हणजे एका किलोत केवळ ५० मिलिग्रॅम विष असते, एवढे पुरते. पण ते शरीरात दीर्घकाळ टिकते. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर विष त्यांच्याही शरीरात जाते. उंदरांचा फडशा पाडणारे हे आपले जुने सोबती. त्यांना मारून उंदीर कमी कसे होणार?

आणि इतके सारे शिकूनही आपण पुन्हा 'जालीम' औषध मागत असतो, याचे नवल वाटते. पिवळ्या फॉस्फरसचा मलम अनेक ठिकाणी सहज विकला जात आला आहे. दात घासण्याच्या पेस्टसारख्याच नळीत तो मिळतो आणि मुलांच्या हाती लागतो. तो पोटात गेल्यावर पहिल्या दिवसानंतर माणसाला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात, आणि मग दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ लागते. त्याला उतारा नाही. कित्येक तरुण जीव या मलमाने गेले. म्हणूनच तमिळनाडू सरकारने त्याच्या विक्रीला बंदी करण्याचे पाऊल उचलले. ज्या घरात असे विष हाताशी असते, त्या घरात मुलाच्या अजाणतेपणाला आणि मोठ्याच्या क्षणभराच्या निराशेला परतीची वाट राहत नाही. उंदराच्या उपद्रवापेक्षा ही जोखीम कितीतरी मोठी आहे.

मग घरात करावे काय? इतिहासाने दिलेले धडे क्रमाने लावले की रीत आपोआप सिद्ध होते. पहिला धडा गेडिसांचा. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावे, खरकटे रात्री उघडे टाकू नये, मोरीच्या भोकावर जाळी बसवावी, माळ्यावरची अडगळ काढावी. ज्या घरात पोटभर दुसरे अन्न मिळते तेथे उंदीर आमिषाकडे वळत नाही, त्यामुळे विषही वाया जाते. उंदीर थोडेच असतील तर सापळा पुरतो. आणि माळ्यावर असते ती चिचुंद्री की उंदीर, हे आधी पाहावे. चिचुंद्री किडे खाणारा निराळाच प्राणी आहे.

विष वापरावयाचेच ठरले, तर उतारा असलेले, मंद गतीचे तयार आमिष घ्यावे आणि पाकिटावरच्या सूचना अक्षरशः पाळाव्या. विष पोळीत, भज्यात किंवा लाडवात घरी मिसळू नये. मुलांना मोह पडेल अशा रूपात ते घरात असूच नये. हातमोजे घालून वड्या झाकणाच्या मजबूत खोक्यात ठेवाव्या. खोक्याला उंदीर शिरेल एवढीच भोके असावी, आणि वडी तारेने आत अडकवावी, म्हणजे उंदीर ती ओढून भलतीकडे टाकणार नाही. उंदीर भिंतीच्या कडेकडेने चालतो. म्हणून खोके भिंतीलगत, त्याच्या रोजच्या वाटेवर, स्वयंपाकाच्या जागेपासून आणि मुलांच्या व जनावरांच्या आवाक्यापासून दूर ठेवावे. किती वड्या कोठे ठेवल्या ते लिहून ठेवावे. मग सबुरी धरावी. पहिल्या एकदोन रात्री उंदीर फिरकला नाही तर खोक्याची जागा बदलू नये. त्याचा संशय फिटू द्यावा. वडी कमी झाली की भर घालावी, आणि खाणे थांबेपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस, हा क्रम चालू ठेवावा. शेवटी उरलेल्या वड्या मोजून गोळा कराव्या. त्या मोरीत, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नयेत. मेलेला उंदीर हातात पिशवी घालून उचलावा, आणि कुत्रे उकरणार नाही इतका खोल पुरावा. झिंक फॉस्फाइडची भुकटी घरात आणूच नये.

एवढे करूनही अपघात घडला, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. ओकारी काढावयास लावू नये. दूध किंवा तूप पाजू नये. विषाचे पाकीट बरोबर घेऊन ताबडतोब इस्पितळ गाठावे. कारण उपचार विषाच्या जातीवर अवलंबून असतो. "मूल खेळते आहे, काही झालेले दिसत नाही," म्हणून थांबणे हीच मोठी चूक. मंद विषाची लक्षणे दिवसांनी दिसतात, आणि मिळालेला वेळ वाया घालवला तर उताऱ्याचा उपयोग होत नाही. घरात कोणी वडील माणूस रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेत असेल, तर अधिकच दक्ष असावे.

श्रोतेहो, आता पुन्हा त्या वाण्याच्या दुकानात जाऊ. पुढच्या खेपेला "जालीम औषध द्या" असे न म्हणता आपण एवढेच विचारावे : "यात कोणते विष आहे, आणि त्याचा उतारा कोणता?" दुकानदाराला उत्तर देता आले नाही आणि पाकिटावरही ते छापलेले नसेल, तर ती वस्तू घरी आणू नये. माळ्यावरचा उंदीर आणखी चार रात्री खुडबुडला तरी चालेल. तेवढी सबुरी आपल्याला परवडते.